खिडकीची जागा

समोर गाडी उभी आहे, आत खिडकीची जागा रिकामी आहे आणि सोनाक्का मात्र खाली रस्त्यावरच उभी आहे, असं मी आयुष्यात एकदाच पाहिलं. ते शेवटी सांगते. एरवी तिचा नियम ठरलेला होता. आधी चढायचं, खिडकी धरायची, सॅक मांडीवर घ्यायची आणि गाडी कुठं जाते ते कंडक्टर तिकीट द्यायला आला की विचारायचं. "कुटं का जाईना, कुटंतरी जातीच की," असं ती म्हणायची. प्रवासाला निघायच्या आधी महिनाभर मोबाइलवर नकाशे आणि लोकांची मतं वाचत बसणाऱ्या माझ्यासारख्या बाईला याचा फार त्रास व्हायचा.

सोनाक्का मुळशीतल्या कोळवण खोऱ्यातली. भाताची खाचरं, एक म्हैस, पिरंगुटला दिलेली एक लेक आणि नाना नावाचा नवरा, एवढा तिचा पसारा. घरामागं तिनं दोन खोल्या बांधून घेतल्या होत्या आणि डोंगर चढायला येणाऱ्या, पाठीवर सॅक मारून हिंडणाऱ्या लोकांना ती त्या भाड्यानं द्यायची. मी हिंजवडीत नोकरी करते आणि बावधनला राहते. एका शनिवारी ऑफिसला वैतागून मी तिच्याकडं राहायला गेले आणि मग जातच राहिले. पहिल्या दोन-तीन खेपांना मी तिला अहो-जाहो करत होते. मग एकदा तिनं ताट वाढता वाढता मला सुनावलं, "आक्का म्हनतीस आन तुमी म्हनतीस, ह्ये काय बरं न्हाई. एक कायतरी धर." मी आक्का धरलं.

तिच्या खोलीत राहायचे नियमही तिच्यासारखेच होते. बंबाचं गरम पाणी मिळेल, भाकरी मिळेल, पण म्हशीची धार काढताना हाक मारायची नाही. परदेशी पाहुणा असो नाहीतर पुण्याचा डॉक्टर, धारेच्या वेळी सगळे गप्प बसत. पाहुणे जाताना काही ना काही विसरून जात आणि परत कुणी मागायला येत नसे. त्यामुळं प्रवासाला निघालेली सोनाक्का बघण्यासारखी असायची. नऊवारी लुगडं, पायात कुणा गोऱ्या पोरीचे कॅनव्हासचे बूट, डोक्याला कुणाची तरी लोकरीची टोपी आणि पाठीवर एक भलीमोठी निळी सॅक. सॅकचा पट्टा तुटला म्हणून कुणीतरी ती टाकून गेलं होतं. आक्कानं दाभण घेऊन तिला सुतळीनं असा काही टाका घातला होता की सॅक फाटली असती पण पट्टा सुटला नसता.

ती या नादाला लागली ती एका पाहुणीमुळंच. एक एकटी मुलगी दोन दिवस तिच्याकडं राहिली. कित्येक महिने ती अशीच देशभर हिंडत होती, मिळेल त्या गाडीनं, स्वस्तात स्वस्त जागी मुक्काम करत. आक्कानं तिचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "घरी म्हैस न्हाई वाटतं?" मुलगी नाही म्हणाली. ती गेल्यावर आक्काचं म्हणे दोन दिवस कामात लक्ष नव्हतं. "एवडीशी पोर जाती. मी काय बांदून ठेवल्याली हाय? बगू तरी काय हाय ते."

'बगू तरी' हे तिचं पालुपद होतं. मी तिला एकदा सहज म्हटलं की माझ्या मैत्रिणींनी ऐन वेळी दगा दिला, आता हंपीला एकटीच जाणार. दुसऱ्या दिवशी तिची सॅक भरलेली होती. त्यानंतर दरवर्षी आम्ही दोघी निघायचो. भात झोडून कणगीत पडलं की थंडीत एक प्रवास. मग ती राब भाजायला घरी परतायची. रोपं टाकायच्या जमिनीवर शेण-पालापाचोळा पसरून ती भाजून काढतात, त्याला राब म्हणतात आणि ते काम ती दुसऱ्या कुणावर सोपवत नसे. राब भाजून झाला की रोहिणीच्या पेरणीपर्यंत पुन्हा मोकळी. माझ्या ऑफिसची रजा मग या हिशेबानं निघायला लागली. साहेबाला कारण सांगताना नाकी नऊ यायचे.

दरवेळी निघताना अंगणात एकच संवाद व्हायचा. आक्का सॅक पाठीला मारून नानांच्या समोर उभी राहायची.

"आवं, येता का औंदा?"

"म्हशीला कोन बगंल?" नाना म्हणायचे.

"लेक बगंल. दोन दिस शेजारी बगत्याल."

"तू जा. मी हाय हितं."

नाना अंगानं काटक आणि बोलायला कंजूष. ते आम्हाला एसटीपर्यंत सोडायला यायचे, पण गाडी आली की चार पावलं मागं सरून, उपरण्याचं टोक नाकाला लावून उभे राहायचे. मला वाटायचं, डोळे पुसतायत. आक्का खिडकीतून हात हलवायची आणि वळण गेलं की गप्प बसायची. तिच्या गप्प बसण्याचं कारण तिनं मला पहिल्याच प्रवासात सांगून टाकलं होतं. "येकदा म्हाताऱ्यानं संगं यावं, बास. मला दुसरं काय बी नगं. मी बगती त्ये त्यास्नी सांगून कळत न्हाई. मला सांगता बी येत न्हाई." पुढची सगळी वर्षं तिची एवढी एकच मागणी होती आणि तिच्या आड ती म्हैस उभी होती. म्हशीचं नाव चंद्री.

हंपीला आम्ही जनरलच्या डब्यातून गेलो. आक्कानं सॅकला म्हशीचं दावं बांधलं, दाव्याचं दुसरं टोक स्वतःच्या पायाला बांधलं आणि बाकावर बसलेल्या चौघांना म्हणाली, "ए भैया, थोडा सरको, हम लई बारीक हाय." ती बारीक नव्हती. पण ती एवढ्या गंभीरपणे म्हणाली की ते हसून सरकले. सकाळपर्यंत त्या बाकावरच्या लोकांना तिनं लसणाची चटणी खायला घालून त्यांच्या घरची सगळी दुखणी-खुपणी काढून घेतली होती. मी मात्र नाक दाबून दारापाशी उभी होते.

देवळं तिनं एक दिवस बघितली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "दगडं झाली बगून. आता मान्सं बगू." म्हणून आम्ही नदीपलीकडच्या एका खेड्यात गेलो. परत यायला दुपारची एकच बस होती आणि मी ती वेळ तिला चारदा सांगून ठेवली होती. पण वाटेत पाण्यानं भरलेलं खाचर दिसलं आणि त्यात बायका रांगेनं वाकून भात लावत होत्या. आक्का जागच्या जागी थांबली. आमच्याकडं लावणी आषाढात होते. इथं भर पौषात, कालव्याच्या पाण्यावर, हिरवीगार लावणी चालली होती. "आगं, पुसात लावनी?" एवढंच म्हणून तिनं बूट काढून माझ्या हातात दिले, काष्टा वर खोचला आणि चिखलात उतरली. बायका हसल्या. एकीनं तिच्या हातात रोपांची जुडी दिली. आक्काची बोटं चालायला लागली तसं त्यांचं हसू थांबलं आणि रांगेत तिला जागा झाली.

बस आली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी बांधावरून ओरडायला लागले. आक्कानं मान वर करून पाहिलं. तिनं पुन्हा मान खाली घातली.

"आक्का, बस चालली."

"जाऊ दे. खाचर आर्धं टाकून येऊ व्हय? आमच्यात तसं न्हाई करत."

त्यांच्यात खरंच तसं करत नाहीत. लावणीला एकदा खाचरात पाय घातला की ते खाचर पुरं झाल्याशिवाय बाहेर यायचं नाही, मग खाचर कुणाचं का असेना. ही रीत मुळशीतल्या पाऊसपाण्यात ठीक आहे. परमुलखात, मुक्कामाला जागा नसताना, दिवसातली शेवटची बस समोरून जात असताना ती पाळणारी बाई मी एकच पाहिली. रागानं माझं डोकं तडकलं होतं. मी बांधावर बसून तिचे बूट हातात घेऊन आता काय करायचं याचा विचार करत होते आणि माझ्या मोबाइलला तिथं रेंज नव्हती.

संध्याकाळी त्या बायकांतली हनुमव्वा नावाची बाई आम्हाला काही न विचारता स्वतःच्या घरी घेऊन गेली. आक्कानं सॅकमधून आपल्या इंद्रायणी तांदळाची पिशवी काढली. तो तांदूळ ती सगळीकडं नेत असे आणि जिथं मुक्काम पडेल तिथं म्हणत असे, "तांदूळ आमचा, चूल तुमची." हनुमव्वानं मूठभर तांदूळ हातात घेऊन वास घेतला आणि शेजारणींना हाका मारल्या. त्या रात्री त्या घरात आमचा भात आणि त्यांचं सार असं जेवण झालं. आक्का मराठीत बोलत होती, हनुमव्वा कानडीत बोलत होती आणि दोघींचं अगदी सुरळीत चाललं होतं. त्या घरात बोलायला कुणी नव्हतं ते मलाच. एवढी शांत झोप मला कुठल्याही हॉटेलात लागलेली नाही, हे इथं कबूल करून टाकते.

निघताना आक्कानं हनुमव्वाकडून मूठभर बियाण्याचं भात मागून घेतलं. नानांसाठी. पुढं ती जिथं जाईल तिथून नानांना असंच काहीतरी बी आणायची. नाना कधी 'काय बघितलंस' असं विचारायचे नाहीत. ते विचारायचे, "तितली माती कसली हाय? पानी कुटनं येतं?" आणि बी घेऊन राबाच्या एका कोपऱ्यात वेगळा वाफा करायचे. कुठलं बी उगवायचं नाही, कुठलं उगवून किडीत जायचं. नाना प्रत्येकाची काळजी पाहुण्यासारखी घ्यायचे. हंपीकडचं भात मात्र तरारून आलं. पहिल्या वर्षी वाफा, मग खाचराचा एक कोपरा, मग घरामागचं आख्खं खाचर. नाना त्याला 'पलीकडलं' म्हणत. "पलीकडलं औंदा झ्याक हाय," असं ते म्हणाले की आक्का माझ्याकडं बघून डोळे मिचकावायची.

तिच्या खिडकीच्या वेडापायी आम्ही एकदा हिमाचलात भलत्याच गावी पोचलो. सिमल्याच्या स्टँडवर आमची बस भरलेली होती आणि शेजारच्या बसमध्ये खिडकीची जागा रिकामी होती. मी तिकिटाच्या रांगेतून परत येते तोवर बाईसाहेब त्या शेजारच्या बसमध्ये स्थानापन्न. गाडी सुटायला आली म्हणून मीही धावत चढले. शेवटचा थांबा आला तो उंचावरच्या एका खेड्यात, जिथं हॉटेल नव्हतं, धर्मशाळा नव्हती आणि थंडी मात्र हाडं फोडत होती. तिथल्या एका बाईनं आम्हाला घरात घेतलं. आक्कानं नेहमीप्रमाणं तांदूळ काढला, त्याच्या वासाचं तोंडभरून कौतुक केलं आणि पातेलं चुलीवर चढवलं. पाणी उकळलं. उकळतच राहिलं. तांदूळ काही शिजेना.

आक्का घाबरीघुबरी झाली. आधी तिनं पाण्याला दोष दिला. मग लाकडांना. मग नानांवर घसरली, "म्हाताऱ्यानं वलं भात झोडलं का काय?" शेवटी तिचे डोळे भरून आले. परक्या घरात आपल्या शेताचा तांदूळ टणक राहावा, ही बेअब्रू तिला सोसत नव्हती. ती घरवाली कसलाही गाजावाजा न करता उठली, तांदूळ कुकरमध्ये घातला आणि तीन-चार शिट्ट्या होऊ दिल्या. झाकण उघडलं तसा कोळवणचा वास त्या गारठलेल्या घरात पसरला. मी आक्काला समजावून सांगितलं की एवढ्या उंचीवर पाणी लवकर उकळतं पण हवं तेवढं तापत नाही, म्हणून भात कच्चा राहतो. तिनं भाताचं शीत बोटानं चेपून बघितलं.

"म्हंजी तुझ्यावानीच की. उकळतं लगीच, शिजवत काय न्हाई."

हे वाक्य मी अजून ऑफिसात स्वतःला सांगत असते. पुष्कळदा उपयोग होतो.

बनारसला मी घाटावरचं काहीबाही खाल्लं आणि आडवी झाले. आमची धर्मशाळा इतकी स्वस्त होती की खोलीला खिडकी म्हणून वरच्या बाजूला एक भोक होतं. तीन दिवस मला उठवत नव्हतं. आक्कानं खालच्या चहावाल्याशी सूत जमवलं, त्याच्या शेगडीवर तांदळाची पेज करून आणली आणि मला चमच्यानं पाजली. माझे कपडे धुतले. बादली उचलली. मी शुद्धीवर आले तेव्हा परतीच्या गाडीची वेळ झाली होती आणि जिच्यासाठी म्हणून एवढ्या लांब आलो त्या गंगेला तिनं अजून पाय लावला नव्हता. मला रडू आलं. ती म्हणाली, "गंगा काय उद्या आटती व्हय? पुन्यांदा येऊ. ती पेज संपीव." माझी आई मी शाळेत असताना गेली. त्यानंतर कुणी मला अशी दटावून पेज पाजली नव्हती. आक्काचे माझ्यावर जे उपकार आहेत त्यातला हा एक. दुसरे सांगत बसले तर ती वरून म्हणेल, "आवर आता."

मग एका पावसाळ्यात चंद्री म्हातारपणानं गेली. दिवाळीत मी कोळवणला गेले तेव्हा गोठा रिकामा होता. आक्कालाही तिचं दुःख होतं, पण त्या दुःखात एक आशा होती आणि ती तिच्या चेहऱ्यावर लपत नव्हती. जेवणं झाल्यावर तिनं मला डोळ्यानं खुणावलं. मी म्हटलं, "नाना, आता चला की आमच्याबरोबर. मी माझी गाडी घेऊन येते, दारातून थेट पुणे स्टेशनवर सोडते."

नानांनी माझ्याकडं पाहिलं, मग आक्काकडं पाहिलं. "वैरन बगून येतू जरा," म्हणाले आणि उठून रिकाम्या गोठ्यात जाऊन उभे राहिले.

"आक्का, म्हैस तर गेली. आता कशाची वैरण?"

आक्कानं कपाळाला हात लावला आणि आवाज खाली आणला. "म्हैस कवाच नव्हती आडवी. त्यास्नी गाडी लागती."

मला आधी कळेचना. मग तिनं सांगितलं. लग्नात वऱ्हाड ट्रकमधून आलं तेव्हा नवरदेव ओकून ओकून अर्धमेला झाला होता. आक्काच्या माहेरचे लोक वर्षभर हसत होते. तेव्हापासून नाना कुठल्या गाडीत बसलेच नाहीत. पौडला बाजाराला जायचे ते पायी. लेकीचं लग्न पिरंगुटला झालं तेव्हा आदल्या दिवशी पहाटे निघून पायी गेले. मी इतकी वर्षं त्याला काटकसर समजत होते. एसटी आली की ते मागं सरून उपरणं नाकाला लावायचे ते डिझेलच्या वासामुळं.

"गडीमानसाला गाडी लागती म्हनलं की गाव हासतं," आक्का म्हणाली. "म्हून मीच म्हशीचं सुरू केलं. म्हैस हाय म्हनलं की कोन हासत न्हाई."

म्हणजे इतकी वर्षं अंगणातला तो संवाद दोघं ठरवून म्हणत होते, शेजाऱ्यांना ऐकू जावा म्हणून. आणि तरी दरवेळी 'येता का' हा प्रश्न ती खराच विचारत होती. हे गुपित मी इथं उघड करते आहे त्याला आक्काची परवानगी नाही, पण नानांची आहे. ते आता स्वतःच देवळापुढं बसून सगळ्यांना सांगतात.

गाठ सुटली ती भातामुळं. घरामागचं खाचर झोडून झाल्यावर नानांनी त्यातलं चांगलं बी निवडून बाजूला काढलं आणि जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून ठेवलं. आक्कानं विचारलं, हे कशाला. ते म्हणाले, "परत द्यायला नगं? बी आनलं तर वाडवून परत द्यावं लागतं." त्यांच्यात तीही रीत आहे. कुणाकडून बियाणं आणलं की ते रुजल्यावर, वाढवून, देणाऱ्याच्या दारात नेऊन द्यायचं.

"मग मी देती नेऊन," आक्का म्हणाली.

"आननारानं न्हाई द्यायचं. पेरनाऱ्यानं द्यायचं असतं," नाना म्हणाले आणि बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोललो.

आक्का काही बोलली नाही. हे तिनं मला नंतर स्वतः सांगितलं, की आयुष्यात पहिल्यांदा ती शहाण्यासारखी गप्प बसली. दोन दिवस नाना त्या पुरचुंडीकडं बघत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "स्टेशनापत्तुर चालत जाईन. फुडं रेल्वे. ती लागती का न्हाई म्हाईत न्हाई. बगू तरी."

अडचण एवढीच होती की आक्काचा उजवा गुडघा दोन वर्षांपासून सुजत होता. पौडच्या डॉक्टरनं तिला चालणं कमी करायला सांगितलं होतं. मी फोनवर खूप समजावलं. तू एसटीनं ये, नाना चालत येतील, स्टेशनवर भेटा. तिनं ऐकून घेतलं आणि फोन ठेवून दिला.

जानेवारीत ती दोघं पायीच निघाली. पहिला मुक्काम पिरंगुटला लेकीकडं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या दाराची घंटा वाजली. नाना ताजेतवाने होते. आक्का दाराला धरून उभी होती आणि घामानं निथळत होती. मी चौथ्या मजल्यावर राहते. नानांना लिफ्टचा भरवसा वाटला नाही म्हणून दोघं जिन्यानं आली होती. "चार मजले नानांना एकट्याला चढू दे की, तू लिफ्टनं यायचंस," मी चिडून म्हटलं.  आक्कानं खुर्चीत बसून सॅक उघडली आणि पिशवी पुढं केली. "तांदूळ आमचा, चूल तुजी. बग, हितं शिजतोय का."

मी तिचे पाय मिठाच्या गरम पाण्यात ठेवले. नाना बाल्कनीतून खालच्या रस्त्यावरच्या गाड्यांकडं बघत होते, बऱ्याच अंतरावरून.

ती दोघं पोचली, हे आधीच सांगून टाकते. हनुमव्वाच्या घरून आक्काचा फोन आला. हंपीजवळच्या होस्पेटला उतरल्यावर पुढंही ती दोघं चालतच गेली होती. रेल्वे लागली नाही. नाना पुणं सुटेपर्यंत डोळे गच्च मिटून बसले होते, मग एक डोळा उघडला, मग दुसरा. "खिडकी त्यास्नी दिली," आक्का म्हणाली. "मी मदी बसली. म्हातारं रातभर झोपलं न्हाई, भाईर अंदारात बगत हुतं." मागून कुणीतरी कानडीत मोठ्यानं काही बोललं आणि सगळे हसले. मी विचारलं, नाना कुठं आहेत. "खाचरात हायेत. लावनी चाललीया. खाचर हुईस्तवर काय भाईर येत न्हाईत."

ती दोघं परतायच्या आतच कंपनीनं मला वर्षभरासाठी चेन्नईला पाठवलं. त्याच पावसाळ्यात आषाढात, घरामागचं शेवटचं खाचर लावून झालं त्या रात्री, आक्का झोपेत गेली. अर्धं टाकून गेली नाही. मला पोचता आलं नाही. म्हणून माझ्यासाठी तिचं शेवटचं दर्शन ते, दोघं माझ्या घरून स्टेशनकडं निघाली त्या सकाळचंच.

चहा घेऊन ती दोघं निघाली तेव्हा मी चांदणी चौकापर्यंत सोडायला गेले. इतक्या पुलांतून आणि वळणांतून पायी माणसानं कुठून जायचं हे तिथं कुणालाच ठाऊक नसतं. नाना बियाण्याची पुरचुंडी पोटाशी धरून कडेकडेनं पुढं चालले होते. आक्का पाय ओढत होती. मी शेवटचं सांगून बघितलं. "आक्का, तू तरी रिक्षात बस. नाना येतील मागून."

ती थांबली. गुडघ्यावर हात ठेवून तिनं दम घेतला.

"इतकी वर्सं तसंच केलं की. मी फुडं गेली आन त्ये मागं ऱ्हायलं. आता नगं."

तेवढ्यात मागून बस आली. दोन म्हातारी माणसं पाठीवर ओझं घेऊन चाललेली बघून ड्रायव्हरनं ती कडेला घेतली. दार आक्काच्या बरोबर समोर उघडलं. कंडक्टरनं डोकं बाहेर काढलं. "आजी, चला, स्टेशन. मोकळीच हाय." आणि खरंच, दारामागची खिडकीची जागा रिकामी होती. सकाळचं ऊन तिच्यावर पडलं होतं. आक्कानं त्या जागेकडं नीट बघून घेतलं. नाना पुढं जाऊन थांबले होते आणि उपरण्याचं टोक नाकाला लावून तिच्याकडं बघत होते.

आक्कानं सॅकचा सुतळीचा पट्टा खांद्यावर वर ओढला, हातानं बसला पुढं जायची खूण केली आणि लंगडत नानांच्या दिशेनं चालायला लागली.